शेजारणीने ओतायचं

ते दोन हजार चोवीस साल होतं. विठाबाईचा नवरा मोतीराम जाऊन एक वर्ष झालं ते साल. आपला फोटो आपल्याला न विचारता परदेशात फिरून आला, हे विठाबाईला कळलं तेही त्याच साली.

फेब्रुवारी संपत आला होता. गुडीहत्नूरच्या शिवारातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि दुपारचं ऊन आतापासूनच अंगाला लागत होतं. सकाळी आदिलाबादहून भंतेजी आले. मोतीरामच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया ओट्यावर दाटीने बसल्या आणि सगळ्यांनी मिळून पंचशील घेतलं. धम्मपालचा आवाज सगळ्यांत मोठा. विठाबाईचा हा थोरला इचोड्याच्या शाळेत हेडमास्तर. शाळेत प्रार्थनेला जसा आवाज लावायचा तसाच इथेही लावला. चार शीलं झाली. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं, आणि विठाबाईच्या बाजूला बसलेल्या प्रगतीचा आवाज एकदम खाली गेला. नुसते ओठ हलत राहिले.

विठाबाईने मान वळवली नाही. प्रगती धम्मपालची मुलगी. ती चार वर्षांपासून बिअरच्या कंपनीत नोकरीला होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच नव्हतं. धम्मपाल विहारात सांगायचा, "पोरगी पाण्याच्या कंपनीत हाय." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. कंपनी परदेशी, तिचे कारखाने देशोदेशी. कोणत्या देशातला कारखाना एका लिटर बिअरपायी किती पाणी उपसतो, वापरलेलं पाणी कुठे सोडतो, कामगारांना कसं वागवतो, विकताना कुठली लाज बाळगतो आणि कुठली सोडतो, हे सगळं शेजारी शेजारी मांडून वरच्या साहेबांना दाखवायचं, हे प्रगतीचं हैदराबादच्या ऑफिसातलं काम.

जेवणं झाली. भंतेजींना सोडायला गाडी गेली, पाहुणे पांगले, पत्रावळी गोळा झाल्या. घरचीच माणसं उरली. धाकटा अमरदीप, बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून, टिनाच्या शेडखाली खाटेवर आडवा झाला होता. थोरली सून रंजीता मंडल ऑफिसात नोकरीला. तिथे ती कुणाचं ऐकून घेत नसे, पण सासूपुढे बोलायचं म्हटलं की आधी पदराला हात पुसायची. तशी ती हात पुसत आली.

"आत्याबाई, प्रगतीले तुमच्याशी बोलाचं हाय."

"मंग बोल म्हना. तिले तोंड नाही काय?"

प्रगती जवळ येऊन बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एकोणतिसाव्या वर्षी एवढं काळं बरं नव्हे, असं विठाबाईच्या मनात आलं.

"आजी, सारा बंद केला त्या वक्ताची गोष्ट मी हापिसात सांगतली व्हती."

"कोनती?"

"शेजारनीनं ओताचं, ते."

विठाबाई हसली. तोंडात दात कमी राहिले होते, पण ती गोष्ट निघाली की ती हसायचीच.

ब्याण्णव-त्र्याण्णवचे ते दिवस. गुत्तेदाराची जीप सकाळीच गावात यायची आणि साऱ्याची, म्हणजे देशी दारूची, पाकिटं उतरवून जायची. दूध नव्हतं मिळत, पाकीट मिळायचं. आंध्रात तिकडे दूर बाया उठल्याची बातमी आली आणि इथल्याही उठल्या. वाड्यातल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या उठल्या, नाल्यापलीकडच्या माळ्यांच्याही उठल्या. घरात घुसून पाकिटं शोधायची आणि मोरीत फोडायची. पण पहिल्याच आठवड्यात बायांच्या ध्यानात आलं की जिने आपल्या हाताने ओतली, तिची पाठ दुसऱ्या दिवशी वळ लपवायला झाकलेली असते. मग नेम ठरला. आपल्या घरातली आपण ओतायची नाही. शेजारणीने यायचं, तिने ओतायची, आणि संध्याकाळ होईस्तोवर तिथेच बसून राहायचं. घरधनी आला की घरच्या बाईने सांगायचं, मी नाही ओतली.

विठाबाईच्या घरी गयाबाई आली. नाल्यापलीकडची, वांग्या-मिरच्यांच्या मळ्यातली. त्या दिवसाआधी ती वाड्यातल्या कुणाच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती आणि विठाबाई तिच्या अंगणाच्या पुढे गेली नव्हती. दोघी एकमेकींच्या स्वैंपाकघरात पहिल्यांदा शिरल्या त्या दारू शोधायला. मोतीराम घरी आला, कोनाडा रिकामा दिसला, विठाबाई म्हणाली, "मी नाही ओतली, गयानं ओतली." समोर परक्याची बाई मांडी घालून बसलेली. तिच्यावर हात उचलता येईना, बायकोवर उचलायला कारण राहिलं नाही. त्याने राग काढला तो वांग्यांवर. गयाच्या मळ्यातलं वांगं ताटात दिसलं की ताट सारायचा. तीन हिवाळे असे गेले. चौथ्या हिवाळ्यात भरल्या वांग्याचा वास आला आणि गडी गुपचूप जेवून उठला. तोवर दारूही सुटली होती. काय आधी सुटलं, राग की दारू, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"त्या नेमाचं काय?" विठाबाईने विचारलं.

"मी लिहून देल्लं का आपल्या कंपनीतबी तसंच करा. आता जो तो आपलंच तपासते. हॉलंडच्या कारखान्यानं भारताचा तपासाचा, आपन हॉलंडचा, जपाननं व्हिएतनामचा."

अमरदीप खाटेवरून म्हणाला, "म्हंजे गोरे साहेब येऊन आपले नळ पाह्यतीन?"

"अन् आपन जाऊन त्यायचे पाहू. काका, चार वर्सं हेच वाचून राह्यली मी. हॉलंडवाले तोंडावर सांगते, यंदा होत नाही, इचारू नका. जपानवाले नाही म्हनतच नाही. मान लववते अन् कागद तसाच पडून राह्यते. आपले म्हनते, हो जाएगा मॅडम. अन् शेवटी पाह्यलं तं तिघायनंबी केलं काहीच नसते."

"आपले बरोबर वळखले तुनं," अमरदीप हसला.

"हासू नको. व्हिएतनामात कंपनीच्या रंगाचे आखूड कपडे घालून पोरी उभ्या करते, गिऱ्हाइकाच्या गिलासात ओताले. हॉलंडात असं केलं तं बोंब होईल, म्हनून तिथं नाही करत. इचारलं तं म्हनते, तिकडची रीतच तशी हाय. आपल्या इकडं दारूची जाहिरात करता येत नाही, तं त्याच नावाच्या सोड्याची करते. मी लिहिलं, कंपनी एक अन् लाज देशागनिक येगळी काऊन?"

धम्मपाल ओट्याच्या टोकाला पेपर धरून बसला होता. पान उलटत नव्हतं.

"मंग, साहेब काय म्हनला?" विठाबाईने विचारलं.

"साहेबाले लय आवडलं." प्रगतीने मोबाईल काढला, पण लगेच पुढे केला नाही. "नेम त्यायनं काढून टाकला. म्हने एकमेकायचे कारखाने पाह्यलं तं भांडनं लागतीन. गोष्ट ठेवली. दरवर्सी कंपनी एक पुस्तक काढते, आमी जगाचं कसं भलं करतो ते सांगाले. त्याच्यात तुले घेतलं."

मोबाईलवर विठाबाई होती. धम्मचक्र दिनाचा फोटो, पांढरं लुगडं, तोंड भरून हसणारी. मागे कुणीतरी हिरवंगार शेत लावून दिलं होतं. वाड्यात असं शेत कुणाचंच नव्हतं. खाली इंग्रजीत दोन ओळी.

"धम्मा, वाच."

धम्मपालने चष्मा लावला आणि मनातल्या मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं ते शाळेतल्या आवाजात नव्हे. "मी माझ्या नवऱ्याला आणि माझ्या गावाला प्रमाणात प्यायला शिकवलं. विठाबाई, भारत."

अमरदीप उठून बसला. "प्रमानात?"

 आत नळाला पाणी आलं होतं, भांडं भरून वाहत होतं, ते बंद करायला कुणी उठलं नाही.

"पाह्यलं?" धम्मपाल बायकोकडे वळला. "म्हनून सांगत व्हतो, सोड ते काम. समाजात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. मायच्या नावावर बियर इकून राह्यले!"

"वरडू नका," रंजीता म्हणाली. "आधी ऐका तं. तिले हॉलंडच्या मोठ्या हापिसात बलावलं हाय, दोन वर्सांसाठी. हे पान आत्याबाईच्या दस्तखतीनं झालं तं. नाही तं तिच्या जागी दुसरीचं नाव हाय. तिनं तुमाले सांगतलं नाही, मले सांगतलं."

धम्मपालने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मोबाईल परत घेतला. त्याच्या आजोबांनी पाटलाच्या शेतात सालदारकी केली होती. बाप मोतीराम रस्त्याच्या कामावर. तो मास्तर झाला. आता पोरगी विमानात बसणार होती. हे सगळं त्याच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेलेलं विठाबाईने पाहिलं.

"तसं," तो हळूच म्हणाला, "हे इंग्रजीत हाय. इकडं कोन वाचते?"

"वा दादा!" अमरदीपने खाटेवरून पाय खाली सोडले. "सकाळी पाचवं शील एवढ्या जोरानं कोनं म्हनलं?"

"तू मले शील शिकवू नको. बेल्लमपल्लीच्या क्वार्टरात तू काय करतं, मले मालूम नाही काय?"

"मी पितो तं माह्या नावानं पितो! मायच्या तोंडी नाही देत!"

"भाऊजी, आज बाबाची पुण्यतिथी हाय," रंजीता म्हणाली.

"म्हनूनच बोलून राह्यलो, वहिनी. बाप प्रमानात पेत व्हता काय? मी पाह्यलं हाय. मी लहान व्हतो, पन मी पाह्यलं हाय."

पोरं भांडत होती आणि विठाबाईला फार थकल्यासारखं झालं. एक वर्ष घर नीट शांत होतं. सुपारी कातरावी, दुपारी पडावं, मोतीरामच्या रिकाम्या खाटेकडे पाहावं, एवढंच. तिच्यात नाही म्हणायची ताकद होती. गुत्तेदाराला तिने नाही म्हटलं होतं, पोलिसाला म्हटलं होतं, नवऱ्याला म्हटलं होतं. पण या नातीला तिने कडेवर घेऊन अंगणवाडीत पोचवलं होतं, आणि तिला आजवर एकदाही नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणावं तर मोतीरामचा फोटो समोरच होता.

"तुह्या मनात काय हाय?" तिने प्रगतीला विचारलं.

"माह्या मनात काहीच नाही, आजी. थकली मी." प्रगती तळहाताकडे पाहत होती. "तू हो म्हनली तं मी जाईन. नाही म्हनली तं राहीन. हे वाक्य मी नाही लिहिलं. मी बदला म्हनलं, तं म्हनते, असंच सगळ्या देशात चालते."

"मले न इचारता छापलं कसं मंग?"

"छापलं नाही अजून. नमुना हाय. तुह्या दस्तखतीबिगर छापता येत नाही. तेवढा नेम पाळते ते."

"लय झालं बाप्पा," विठाबाई म्हणाली. त्यात टोमणा किती आणि खरं किती, ते प्रगतीला कळलं नाही.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. गयाबाईचा मुलगा अमर तिला उतरवून, आत न येता, गाडी वळवून गेला. त्याच्या मागे हवेत एक आंबूस वास रेंगाळला. गयाबाईने नाकाला पदर लावला आणि काठी टेकत आत आली. दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी होती.

"झालं काय जेवन? मले उशीर झाला. पोरगं सकाळपासून गाडी घेऊन कुठं गेलं व्हतं देव जाने." तिने सगळ्यांची तोंडं पाहिली. "काऊन रे, मोतीराम आज मेला काय? असे काऊन बसले?"

विठाबाईने सरकून तिला जागा करून दिली. आणि तेव्हाच तिला सुचलं. फार विचार करून नव्हे. पाय दुखायला लागल्यावर माणूस जसा भिंतीला टेकतो, तशी ती त्या जुन्या नेमाला टेकली.

"प्रगते, हिले दाखव," ती म्हणाली. "माह्या घरातलं मी नाही ओतत. गया सांगन ते."

"आई, हा घरातला मामला हाय," धम्मपाल म्हणाला.

"म्हनूनच."

गयाबाईने मोबाईल हात लांब करून धरला. "हे कोन? इठा? मेली, दात किती दाखवून राह्यली! अन् हे वावर कोनाचं?"

"कोनाचंच नाही," प्रगती म्हणाली.

"खाली काय लिहिलं?"

प्रगतीने वाचून दाखवलं. कंपनी कोणती, पुस्तक कसलं, आपलं जाणं-न-जाणं त्यावर कसं अडलं आहे, तेही सांगितलं. वडिलांनी इतकी वर्षं लपवलेलं नाल्यापलीकडे गेलं. धम्मपाल मान खाली घालून बसला.

गयाबाईने सगळं ऐकलं. मग ती मोतीरामच्या फोटोकडे वळली.

"प्रमानात पेत व्हता," ती म्हणाली, "मंग मी काय ओतलं?"

अमरदीपने तोंड फिरवलं.

"त्या मोरीत कोपरापर्यंत हात भरले व्हते माहे. घरी गेली तं सासूनं तीन गडू पानी ओतलं आंगावर, दारूच्या वासापायी नाही, तुमच्या घरात गेली म्हनून. अन् आता हे लिहिते प्रमानात?" ती थांबली, दम घेतला. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसला होता. "पोरी, हिचाच फोटो काऊन? माहाबी घाल. अन् खाली लिही, हिच्या घरातली मी ओतली, माह्या घरातली हिनं ओतली. सगळी ओतली."

"ते नाही छापनार, गयाआजी."

"नाही छापत?"

"नाही."

"मंग राहू दे." गयाबाईने मोबाईल परत केला आणि पिशवीतली वांगी ओट्यावर मांडायला घेतली. "साहेबाले सांग, आजी तयार व्हती. शेजारीन नाही म्हनली."

रंजीताला राहवलं नाही. "मावशी, दुसऱ्याच्या लेकराचं नुसकान करनं सोपं राह्यते."

"व्हय बाई," गयाबाई म्हणाली. "घरच्याच्यानं होत नाही. म्हनून तं दुसऱ्यानं करावं लागते."

रंजीता उठून आत गेली. नळ बंद झाला आणि भांडी आदळायला लागली. धम्मपाल चपला घालून बाहेर पडला. प्रगती मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. लिहिता लिहिता तिला हसू फुटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण बोटं थांबली नाहीत.

"काय लिवलं?" विठाबाईने विचारलं.

"गयाआजीनं सांगतलं तेच."

गयाबाई संध्याकाळ होईस्तोवर तिथेच बसून राहिली.

पुढच्या वर्षी कंपनीचं पुस्तक निघालं. प्रगतीने ते मोबाईलवर विठाबाईला दाखवलं. त्या पानावर दुसऱ्याच कुठल्या देशातली एक म्हातारी होती, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली, तोंड भरून हसणारी. मागे तेच हिरवं शेत. खाली तेच वाक्य होतं, नावाचा आणि देशाचा तेवढा फरक. विठाबाईने मोबाईल जवळ धरून त्या बाईकडे पाहिलं. "हिले शेजारीन नसन," ती म्हणाली.

हॉलंडला प्रगतीच्या जागी दुसरी गेली. प्रगती आणखी काही महिने त्याच खुर्चीवर बसली, मग नोकरी सोडून दुसऱ्यांचे कारखाने तपासणाऱ्या एका संस्थेत लागली. आता ती नदीकाठच्या गिरण्यांचं सोडलेलं पाणी बाटलीत भरून आणते. काम दगदगीचं आहे आणि डोळ्यांखालचं काळं गेलेलं नाही. धम्मपाल रिटायर झाला. पोरगी पाण्याच्या कामात आहे, असं विहारात सांगतो. आता ते खरं आहे, तरी सांगताना त्याचा आवाज जुन्या सवयीने खालीच येतो. रंजीताने गयाबाईचा राग वांग्यांवर काढला. घरात वांगं न खाणारं पुन्हा एक माणूस झालं, आणि विठाबाईला ते पाहून मोतीरामची आठवण यायची. अमरदीप म्हणतो की त्याची सुटली. बेल्लमपल्लीला त्याच्या शेजारी कोण राहतं, हे विठाबाईने एकदा विचारलं होतं. त्याने नीट सांगितलं नाही.

गयाबाई दोन हजार पंचवीसच्या हिवाळ्यात गेली, मळ्यात मिरच्या तोडता तोडता बांधावर बसली ती उठलीच नाही. तेरवीला विठाबाई नाला ओलांडून गेली. पंगती उठल्या होत्या, गयाबाईचा मुलगा अमर मंडपवाल्याला सोडायला गेला होता. घरात त्याची बायको तेजस्विनी एकटीच होती. ती विठाबाईच्या पाया पडली. उठताना तिची नजर एकदा गव्हाच्या कोठीमागे गेली आणि लगेच खाली वळली.

विठाबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि कोठीमागून बाटल्या काढल्या. लेबलावरचं चित्र ओळखीचं होतं. प्रगतीने नोकरी लागल्यावर आणलेल्या कंपनीच्या पिशवीवर तेच होतं. तिने एकेक बाटली परसात नेली आणि मोरीत उपडी केली. फेस वर येऊन हळूहळू बसला. मग ती आत येऊन गयाबाईच्या फोटोसमोर मांडी घालून बसली.

दिवेलागणीला अमर आला. आत गेला, बाहेर आला.

"कोनं ओतल्या?"

तेजस्विनीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी नाही ओतल्या," ती म्हणाली. "इठाआजीनं ओतल्या."